क्लेम व्हेरिलचे सात श्वास

“बघा आता. आता नाही घेत तो श्वास,” फेलिसिटी म्हणाली.

पडद्यावर क्लेम व्हेरिल शवपेटीत निजला होता. अंगात काळा कोट, छातीवर एकावर एक ठेवलेले हात, गालांवर पांढरी पावडर. मी चाळीस वर्षं त्याला असाच पाहत आलो होतो. पण आज त्याचे हात वर-खाली होत नव्हते. शेजारी बसलेली लेडी ड्रेडविक कप तोंडाला लावत होती, भुवया उडवत होती, मागे मेणबत्तीची ज्योत हलत होती. या सगळ्या हालचालीत तो एकटा दगडासारखा पडला होता.

“छातीचा तेवढा भाग आम्ही थांबवला,” ती पोरगी उत्साहाने सांगत होती. लंडनच्या ज्या कंपनीने हा जुना पिक्चर स्वच्छ करून डिस्कवर उतरवला होता, तिथली ती. “एकच चित्र घेतलं आणि शॉट संपेपर्यंत तेच ठेवलं. दीड आठवडा गेला त्यात. कळतंय का कुठे?”

“छे, जराही नाही!” मिसेस ग्रेंजर म्हणाल्या. या आमच्या चॅपेलच्या हॉलच्या कमिटीच्या अध्यक्ष. “आणि रंग तरी काय सुंदर आलेत! अहो सिरिल, तुमच्या त्या जुन्या रिळात सगळ्यांना गोवर उठल्यासारखा दिसायचा. पण काय गं, मग आज लोक मोजणार काय?”

“मोजणार म्हणजे?”

“अगं, गंमत असते ती आमच्या गावाची. हा मेलेला माणूस श्वास घेतो ना, तो सगळा हॉल ओरडून मोजतो. एक, दोन, तीन... आता राहिलं ते. काहीतरी दुसरं शोधतील, लोक काय!”

फेलिसिटीचा चेहरा पडला. “मला कुणी सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं, चूक आहे. मढं श्वास घेतंय म्हटल्यावर...”

“इथे आत्ता परत चालू करता येईल का?” मी विचारलं.

“इथे नाही होणार. मूळ काम लंडनला आहे. फार तर पुढच्या आठवड्यात.”

खेळ दुपारी दोनला होता. घड्याळात साडेदहा झाले होते. मिसेस ग्रेंजर आठ वर्षांपूर्वी आमच्या गावात राहायला आल्या, त्यांचा काही दोष नाही. त्या दरवर्षी इतरांबरोबर खुशाल मोजत आल्या होत्या. आपण कुणाचे श्वास मोजतोय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. मी टोपी उचलली आणि क्लेमच्या बायकोकडे, इडाकडे निघालो.

सदुसष्ट सालच्या मार्चमध्ये सिनेमावाले आमच्या स्कार्थविकला आले. चर्च कड्यावर, थडगी वाऱ्याने कलंडलेली, धुकं फुकट. त्यांना आणखी काय हवं होतं? पिक्चर होता ‘लेडी ड्रेडविकच्या घरी चहा’. बाई रक्त पिणारी, पण खानदानी, म्हणून किटलीतून कपात ओतून, बशी खाली धरून पिणार. तिच्या बटलरचं डोकं हॅटच्या डब्यात ठेवलेलं, आणि ते तिथून पाहुण्यांच्या शिष्टाचारातल्या चुका काढतं. वटवाघळं रबराची. एका भिंतीला कुणीतरी पाठ टेकली तर भिंत हलते, आणि नटही ‘भूत, भूत’ करायचं सोडून तिला सावरतो.

असल्या पिक्चरमध्ये लोकांना काय आवडतं, असं शहरातले पाहुणे मला विचारतात. त्यांना वाटतं, आम्ही नुसते हसतो. ज्या गावातून समुद्र दर दोन-चार वर्षांनी कुणाला तरी घेऊन जातो, त्या गावाला खोटं मढं बघायला फार बरं वाटतं. रबर दिसतं, खडू दिसतो, आणि तरी पोटात जरासं काहीतरी हलतंच. ते हललं की माणूस मोठ्याने हसतो. खऱ्या मढ्यापुढे तशी सोय नसते.

लेडी ड्रेडविकचे बारा नवरे मेलेले असतात. बारावा अजून पुरायचा असतो, आणि ती त्याच्या पेटीशेजारी बसून चहा पिता पिता त्याच्याशी बोलते. त्या कामाला जो नट आणला होता तो इतका जाडा निघाला की पेटीचं झाकण बसेना. मग गावातला कुणीतरी सडपातळ माणूस बघा, असं ठरलं. कुणी तयार होईना. आमच्याकडे होडीवर जाणारा माणूस जिवंतपणी शवपेटीत पाठ टेकत नाही. ते कुठे लिहिलेलं नाही. होडीवर डुकराचं नाव काढायचं नाही, शीळ घालायची नाही, तसंच हे. म्हातारे तर पेटीकडे पाठ करून उभे राहिले होते.

मी तिथे दिवे उचलायला होतो. तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि शेजारच्या गावातल्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचो. म्हणून हे मी स्वतः ऐकलं आहे. इडा चर्चच्या भिंतीवर बसली होती. लग्नाला एक वर्षसुद्धा झालं नव्हतं. ती क्लेमला म्हणाली, “जा की रे! नुसतं झोपायला काय लागतं? घरी तर उठवून उठत नाहीस.” सगळे हसले. क्लेमही हसला आणि बूट काढून पेटीत जाऊन निजला.

दोनदा नटीबाई वाक्यं विसरल्या. दोन्ही वेळा क्लेमने श्वास रोखून धरला होता. तिसऱ्यांदा त्यांना सगळं आठवलं, पण क्लेमचा दम संपला होता. अर्ध्या मिनिटात त्याने सात श्वास घेतले, चांगले छाती भरून. दिग्दर्शक म्हणाला, जाऊ दे, मढ्याकडे कोण बघतंय! नटीबाईंनी पेटीतच त्याला सिगारेट दिली.

ऑक्टोबरमध्ये क्लेमची होडी गेली. शेवंडीचे सापळे उचलायला तिघे गेले होते. होडी पालथी होऊन किनाऱ्याला लागली, दोघे आठवड्याभरात सापडले. क्लेम सापडला नाही. म्हाताऱ्यांनी इडाला तोंडावर काही म्हटलं नाही, आणि मागेही म्हटलं नाही. पण आमच्याकडे न बोललेलं ऐकू येतं.

पाळकांनी जानेवारीतल्या एका रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना ठरवली होती. त्याच आठवड्यात पिक्चर आमच्या थिएटरला लागला. मंगळवारी दुपारच्या खेळाला इडा एकटी आली. खेळ संपल्यावर ती जिना चढून माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली.

“सिरिल, तो श्वास घेतोय.”

“अगं, ते शूटिंगचं आहे. मार्चमधलं.”

“ते कळतं मला. वेड नाही लागलेलं. पण घेतोय ना?”

मी काय म्हणणार? म्हटलं, “हो, घेतोय.”

ती तशीच पाळकांकडे गेली आणि प्रार्थना नको म्हणून सांगून आली. श्वास चालू असलेल्या माणसाचं असलं काही करत नाहीत, एवढंच कारण दिलं. पाळक बिचारे तरुण होते, त्यांनी तिचं ऐकलं. प्रार्थना तेव्हा राहिली ती राहिलीच, त्याच्या नावाचा दगडही बसला नाही.

पुढे टीव्हीने थिएटर बुडवलं. सामान निघालं तेव्हा या पिक्चरची एक लहान प्रिंट कुठल्याशा गोदामात पडून होती, ती मी उचलून आणली. पंच्याहत्तरपासून दर ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी दोन वाजता, चॅपेलच्या हॉलमध्ये हा खेळ होतो. दुसऱ्या वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी, बहुधा दोन ग्लास पोटात होते, क्लेमच्या छातीकडे बघून ओरडला, “एक!” सगळा हॉल थिजला. दोघे-तिघे त्याला बाहेर काढायला उठलेसुद्धा. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून इडाचा स्वच्छ आवाज आला, “दोन.”

तेव्हापासून गाव मोजायला लागलं.

इडा एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बटाटे सोलणं, कस्टर्ड ढवळणं, शंभर ताटल्या पुसणं. एक दिवस उशिरा आली नाही. गाणारी, चिडवणारी बाई. कुणी तिला दुःखी म्हटलं असतं तर तिने डाव फेकून मारला असता. फक्त दर वर्षी मतदारांच्या यादीचा कागद आला की त्यावर स्वतःच्या नावाखाली ती क्लेमंट व्हेरिल असं लिहायची. प्रत्येक निवडणुकीला त्याच्या नावाचं कार्ड घरी यायचं. विधवांच्या पेन्शनचा अर्ज कचेरीतला माणूस दोनदा घरी घेऊन आला, तिने दोनदा त्याला आल्याचा केक खायला घालून परत पाठवलं.

मला इडा आवडायची. आता सांगायला हरकत नाही, पासष्ट वर्षांच्या माणसाचं कुणी काय वाकडं करणार? एकोणऐंशी साली मी एकदा धक्क्यावर तिला म्हटलं होतं, “किती दिवस अशी एकटी राहणार?” ती म्हणाली, “एकटी कुठाय मी?” आणि माझ्या पिशवीतला मासा बघून त्याचा भाव विचारला. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

पण दरवर्षी हॉलच्या वरच्या केबिनच्या भोकातून मी पडद्याकडे बघायचो नाही, तिसऱ्या रांगेकडे बघायचो. एक विलक्षण गोष्ट मी तिथून पाहिली आहे. हॉल मोजायला लागला की इडाचे खांदे क्लेमच्या छातीबरोबर वर जायचे आणि खाली यायचे. अगदी बरोबर, एकाच वेळी. सातव्यानंतर शॉट तुटायचा आणि तीही क्षणभर थांबायची. मग मान हलवून पुन्हा नेहमीसारखी बसायची. पहिल्यांदा मला वाटलं, मला भास झाला. नंतर मी मुद्दाम बघायला लागलो, आणि दर वेळी ते तसंच व्हायचं.

एक्क्याण्णव साली मी असाच तिच्याकडे बघत राहिलो आणि यंत्राकडे माझं लक्ष नव्हतं. दाते निसटले, रीळ अडकली, आणि हातभर फिल्मचा चोथा झाला. तेवढा तुकडा कापून मी दोन टोकं जोडली. पुन्हा चालू केलं तेव्हा हॉलने सहापर्यंत मोजलं आणि सात म्हणायला तोंड उघडेपर्यंत पुढचं दृश्य आलं.

खेळानंतर इडा वर आली. “सातवा कुठंय?”

मी चुरगळलेला तुकडा दाखवला. तिने तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. “सांभाळून रे बाबा,” एवढंच म्हणाली. त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. नळ्या लावून सतरा दिवस ती इस्पितळात होती. मी रोज बसने जायचो आणि बाहेरच्या बाकावर बसून मनात एकच हिशेब करायचो, तो इथे लिहवत नाही. ती बरी झाली. पण त्यानंतर मी तो खेळ चालवताना यंत्रावरून नजर काढली नाही. माझ्या हातात फिल्म नसून त्या बाईचा जीव आहे, असं मला वाटायचं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण भीतीला त्याचं काय?

त्या सकाळी मी गेलो तेव्हा इडा घराच्या पायऱ्या धूत होती. धुकं इतकं उतरलं होतं की बादलीचा आवाज आधी आला आणि ती नंतर दिसली.

“खेळ दोनला आहे ना रे? आत्ताच कसा आलास? चहाला चटावलायस.”

“आत चल. बोलायचंय.”

“इथंच बोल. पाय पुसायला लागतील नाहीतर.”

मी सांगितलं. लंडनहून ती नवी डिस्क आली आहे, ते तिला ठाऊकच होतं. क्लेमचं काय केलंय ते सांगितलं. ती फडकं पिळत होती, ते पिळायची थांबली.

“थांबवलाय? म्हणजे कसा?”

“हलतच नाही. त्यांना वाटलं, चूक आहे.”

“कुणाला वाटलं?”

“एक पोरगी आहे. चांगली आहे तशी. रडायला आलीये बिचारी. तू काळजी करू नकोस, मी जुनी रीळ लावतो. पहिल्या भागाला त्यांची डिस्क, पेटीचा भाग आला की माझं यंत्र. कळणारही नाही कुणाला.”

“चालेल ती रीळ? मागच्या वर्षी तूच म्हणालास, आता हिचा भरवसा नाही.”

खरं होतं ते. रीळ आकसली होती, डबा उघडला की व्हिनेगरचा वास यायचा. एकदा तरी चालेल की पेटीच्या शॉटवरच तुटेल, हे देवालाच ठाऊक. मी म्हटलं, “चालवीन मी.”

इडाने फडकं बादलीवर टाकलं. “आधी मला ते दाखव. त्यांनी केलंय ते.”

“कशाला उगीच? नको बघूस.”

“सिरिल, नवरा माझा आहे.”

तिने कोट घातला आणि आम्ही निघालो. धुक्यात समोरचा चढ दिसत नव्हता, फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मी न कळत तो मोजत होतो.

हॉलमध्ये फेलिसिटी एकटी होती, मिसेस ग्रेंजर सँडविचेस आणायला गेल्या होत्या. मी ओळख करून दिली, ‘या मिसेस व्हेरिल’ म्हटलं. पोरीने पडद्यावरच्या नावांत ते नाव वाचलेलं असणार, कारण ती एकदम उभी राहिली.

“आय अ‍ॅम सो... मला खरंच माहीत नव्हतं हो.”

“तुला कसं असणार, पोरी? तेव्हा तुझी आई तरी जन्मली होती का? लाव ते.”

स्पीकर अजून जोडायचे होते. माझं यंत्र चाललं की खडखड व्हायची, आता तीही नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो शॉट संपूर्ण शांततेत पाहिला. पाण्याखालून काहीतरी बघतोय असं वाटत होतं. लेडी ड्रेडविकचे ओठ हलत होते आणि क्लेम पडून होता. त्याच्या कोटावरचा एक एक धागा दिसत होता. डाव्या भुवईवरची खूण दिसत होती. ती जुन्या रिळात कधी दिसलीच नव्हती.

मग मी पडद्यावरून नजर काढून इडाकडे पाहिलं. तिचे खांदे वर गेले आणि तिथेच राहिले. खाली येईनात. मी आतल्या आत मोजायला लागलो. दहा, बारा, पंधरा. मी तिच्या दंडाला धरलं. “इडा!”

तिने श्वास सोडला. “पुन्हा लाव,” ती म्हणाली.

फेलिसिटीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसऱ्यांदा इडा खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली. तिसऱ्यांदा इतकी जवळ उभी राहिली की क्लेमच्या चेहऱ्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला.

“हा आगकाडीने भाजला होता,” भुवईच्या खुणेवर बोट ठेवून ती म्हणाली. “लग्नाच्या आधी. मी विसरलेच होते बघ.” मग तिने बोट खाली घेतलं. “मेलेला दिसतोय तो, सिरिल.”

“त्यांनी तसं केलंय म्हणून.”

“नाही रे. मी बघितलंच नव्हतं ना त्याला. त्या दोघांच्या बायकांनी बघितलं. तोंड धुतलं, केस विंचरले. माझ्या दाराशी त्याचं यायचं नाव नाही. मी कशाला मानायचं?” ती खुर्चीत बसली. “आणि मीच तर पाठवलं त्याला त्या पेटीत. सगळ्या गावादेखत. मग तो मेला म्हटलं की मीच... म्हणून तो मरायचाच नव्हता. कळतंय का तुला? मी मरूच दिला नाही त्याला.”

मला कळत होतं. मला हेही कळत होतं की चाळीस वर्षं मीही त्यात हात दिला होता. दरवर्षी यंत्राला तेल घालून, दर वर्षी सांधे चिकटवून. मला ती हवी होती आणि मीच तिच्या नवऱ्याला जिवंत ठेवत होतो. यावर हसावं की रडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

“जुनी रीळ लावतो,” मी म्हणालो.

“नको. हेच लाव.”

“अगं, लोकांना माहीत नाही. ते मोजायला जातील.”

“जाऊ देत.” ती उठली. “मी कपडे बदलून येते.”

दोनला हॉल भरला होता. बाहेर धुक्याने खिडक्या पांढऱ्या केल्या होत्या, त्यामुळे पडदे ओढायची गरजच पडली नाही. इडा तिसऱ्या रांगेत येऊन बसली. काळा कोट, काळे हातमोजे, काळी टोपी. मागच्या बायका कुजबुजल्या, पण पिक्चर सुरू झाला आणि सगळे त्यात रमले. काय हसले! बटलरच्या डोक्याने पाळकांना टोमणा मारला तेव्हा आमचे खरे पाळक डोळे पुसत होते. फेलिसिटी केबिनमध्ये माझ्याशेजारी उभी होती. “किती आवडतंय त्यांना,” ती म्हणाली, पण तिची नजर तिसऱ्या रांगेवरून हलत नव्हती.

पेटीचं दृश्य आलं. सगळा हॉल सरसावून बसला. मढ्यावर कॅमेरा गेला, आणि दीडशे माणसांनी एका दमात आवाज दिला, “एक!”

क्लेम हलला नाही.

कुणीतरी हसलं. दोन-चार जणांनी पुन्हा “एक!” म्हणून पाहिलं, आता जरा चाचरत, दार वाजवून कुणी उघडत नाही म्हणून पुन्हा वाजवावं तसं. मग तेही थांबले. हॉलमध्ये शांतता पसरली. आणि त्या शांततेत लेडी ड्रेडविकचा आवाज ऐकू आला. तीस वर्षांत त्या शॉटला ती काय बोलते ते कुणी ऐकलंच नव्हतं, आमच्याच आरड्याओरड्यात ते बुडून जायचं.

“अकराजणांना मी रीतसर निरोप दिला,” ती क्लेमला सांगत होती, चहात साखर ढवळत. “तुझ्या वेळी नेमका केक करपत होता, मी धावले स्वयंपाकघरात. परत येते तो तू गेलेला. वेंधळाच तू! बोल ना काहीतरी. नाही? बरं बाई. मग मीच बोलते.”

तिसऱ्या रांगेत इडा उठून उभी राहिली.

ती पडद्याकडे बघत ताठ उभी होती. तिच्यामागचा म्हातारा एबेल, पालथी झालेली होडी ज्याने किनाऱ्यावर पहिली पाहिली होती तो, खुर्चीच्या पाठीला धरून उठला आणि त्याने टोपी काढली. मग त्याची बायको उठली. मग बाजूची रांग. ज्यांना क्लेम आठवत होता ते उठले आणि ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता तेही उठले. मिसेस ग्रेंजर गोंधळून आजूबाजूला बघत होत्या, शेजारणीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्याही उठल्या. पडद्यावर विनोद चालू होता, पुढच्या दृश्यात कुणीतरी खुर्चीसकट तळघरात पडलं, आणि हॉलमध्ये दीडशे माणसं मान खाली घालून उभी होती. केबिनमध्ये मी टोपी शोधत होतो. ती डोक्यावरच होती.

इडा बसली तेव्हा सगळे बसले. उरलेला पिक्चर लोकांनी पाहिला, थोडे हसलेही. इडाही एकदा हसली.

शेवटची नावं सरकायला लागली तशी ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली. आमच्या चॅपेलमध्ये मयताच्या प्रार्थनेनंतर घरचं माणूस तसं दारात उभं राहतं आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण त्याचा हात हातात घेतो. कुणाला काही सांगावं लागलं नाही. रांग लागली. “वाईट झालं, इडा.” “चांगला होता गं क्लेम.” “माझी जाळी त्यानंच शिवून दिली होती.” एबेलने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि मागची रांग थांबली तरी सोडला नाही. फेलिसिटी रडत होती. इडाने तिचा गाल थोपटला आणि तिला सांगितलं, “काम छान केलंस हो.”

मी सगळं बंद करून, तारा गुंडाळून, सगळ्यांत शेवटी खाली आलो. दारात ती एकटी उरली होती. मागे धुकं होतं आणि त्यात उतरत जाणाऱ्या लोकांचे आवाज. काय बोलावं ते मी जिन्यावर तीनदा ठरवलं होतं आणि त्यातलं काहीच आठवेना. मीही इतरांसारखा हात पुढे केला.

“वाईट झालं, इडा.”

तिने हातमोजा काढला आणि माझा हात धरला. मग घरचं माणूस दारात प्रत्येकाला म्हणतं तेच ती मला म्हणाली.

“आलास, बरं वाटलं.”